शेकरूची नोंद

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाच्या ओवरीत पोचले की यात्रेकरू देवाकडे तोंड करून उभे राहतात आणि साहजिकच खोऱ्याकडे त्यांची पाठ होते. दर्शन आटोपल्यावर क्षणभर बाहेर वळून पाहावे. खाली कुकडीचे खोरे, समोर जुन्नर, शिवनेरीचा कातळ, पलीकडे मानमोडीचा डोंगर आणि उजव्या हाताला क्षितिजावर सह्याद्रीची धार. या परिसराचा इतिहास आपण बहुतांशी दगडावरून वाचत आलो आहोत. ज्या लेण्यात आज गणपती आहे तो मुळात बौद्ध विहार. शेजारच्या चैत्यगृहावरचा लेख ते लेणे कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने दिल्याचे सांगतो. हेरणिक म्हणजे सोनार किंवा खजिनदार. नाणेघाटातून चढून आलेल्या व्यापाराची आणि त्यातून उभ्या राहिलेल्या दानधर्माची ही कथा आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत स्थिरावली आहे.

याच परिसरातला एक दुसरा इतिहास मात्र दगडावर नाही, झाडांवर आहे. जुन्नरच्या दक्षिणेला आंबेगाव तालुक्यात घाटमाथ्यावर भीमाशंकरचे अभयारण्य आहे. तिथल्या झाडांवर राहणारे शेकरू, म्हणजे आपली मोठी तांबूस खार, हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. लेण्याद्रीहून घोडेगाव-डिंभे मार्गे आम्ही गेलो ते हे शेकरू पाहायला. पाहून आल्यावर जो प्रश्न मनात राहिला त्याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. प्रश्न साधा आहे: हा प्राणी आजवर टिकला तो कोणामुळे, आणि त्या टिकण्याची नोंद कोणी केली?

नोंदींपासूनच सुरुवात करू. जुन्नरच्या परिसरातील झाडांविषयीचा अतिशय जुना लिखित उल्लेख मानमोडीच्या लेण्यांत आहे. या लेण्यांचे तीन गट मानले जातात आणि योगायोग असा की त्यांतील एकाला भीमाशंकर गट म्हणतात. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा प्रसिद्ध लेख याच डोंगरावर आहे. त्यावरून एकूण काळाची कल्पना यावी. इथल्या आणखी एका लेखात कोणाचिक नावाच्या श्रेणीतला आडुथुम नावाचा शक उपासक जमिनीचे दान नोंदवतो. वडालिका येथील वीस निवर्तने जमीन, आणि तिच्यासोबत शब्द आहे ‘करजमूल’. कटपुतक येथील नऊ निवर्तने, आणि तिच्यासोबत ‘वडमूल’. करंज आणि वड. ही जमीन करंजाच्या आणि वडाच्या झाडांपाशी होती, की ती झाडे लावण्याकरिता दिली होती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. अर्थ कोणताही घेतला तरी एक गोष्ट उरते. बाहेरून आलेल्या शक माणसाला इथले दान शाश्वत करताना झाडाचे नाव दगडावर कोरावेसे वाटले. जमिनीची ओळख किंवा जमिनीचा हेतू, दोहोंपैकी एक तरी झाडाशी बांधलेला होता.

हे लेख शतकानुशतके कोणाला वाचता येत नव्हते. ब्राह्मी लिपीचा उलगडा जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास केला. त्याच वर्षी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील लेखांविषयी एक टिपण प्रसिद्ध झाले. ते लिहिणारा होता विल्यम हेन्री साइक्स. पुढे १८८१ मध्ये बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचा जो संग्रह काढला त्यात जुन्नरला मोठी जागा मिळाली आणि साइक्सचे काम मागे पडले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने साइक्स महत्त्वाचा आहे, कारण लेण्यांतली अक्षरे उतरवून घेणाऱ्या याच माणसाने शेकरूला शास्त्राच्या वहीत आणले.

साइक्स हा कंपनीच्या लष्करातला अधिकारी. खडकीच्या आणि पुण्याच्या लढायांत तो होता. पेशवाई बुडाल्यावर मुंबईचा गव्हर्नर झालेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८२४ मध्ये त्याला मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी नेमले. नव्याने हाती आलेल्या दख्खनची जमीन, पिके, वजनेमापे, लोकसंख्या, हवामान या साऱ्याची मोजदाद करणे हे त्याचे काम. मोजणाऱ्याची नजर एकदा जडली की ती कशावरही थांबते. त्याने पक्षी मोजले, मासे पाहिले, पावसाच्या आणि वायुभाराच्या नोंदी ठेवल्या, आणि १८३१ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात दख्खनमधील सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. त्या यादीत घाटमाथ्यावरच्या मोठ्या खारीला त्याने ‘सायुरस एल्फिन्स्टोनी’ असे नाव दिले. सायुरस हा ग्रीक मुळाचा शब्द, ‘शेपटीची सावली’ अशा अर्थाचा. आणि एल्फिन्स्टनचे नाव अर्थातच आश्रयदात्याप्रीत्यर्थ. ज्या गव्हर्नराने प्रदेश मोजायला पाठवले त्याच्या नावाची मोहोर प्रदेशातल्या एका जिवावर उमटली. वसाहतकालीन ज्ञानव्यवहाराचे याहून नेमके उदाहरण शोधायला नको.

पण इथेच थांबलो तर साइक्सवर अन्याय होईल. त्याच्या यादीचे एक वैशिष्ट्य असे की लॅटिन नावाबरोबर मराठ्यांच्या तोंडची नावेही तो टिपतो. लांडगा, कोळसून हे शब्द रोमन लिपीत, त्या काळच्या वेड्यावाकड्या लेखनासह तिथे सापडतात आणि शेकरूही सापडते. ज्या वर्षी ही यादी लंडनमध्ये छापली गेली त्याच वर्षी, १८३१ मध्ये, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती मुंबईत निघाली. दोन्ही उद्योगांची पद्धत सारखी होती: गावोगावच्या लोकांना विचारायचे, ते सांगतील ते लिहून घ्यायचे, आणि सांगणाऱ्याचे नाव गाळायचे. साइक्सला ‘शेकरू’ हा शब्द कोणी सांगितला? घाटमाथ्यावर चढताना वाट दाखवणारा कोणी महादेव कोळी असेल, एखादा शिकारी असेल. कागदावर तो नाही, त्याचा शब्द तेवढा आहे.

पुढे या दोन नावांचे जे झाले ते मोठे बोलके आहे. ही खार मुळात ‘रॅटुफा इंडिका’ या जातीची. त्या जातीचे वर्णन अर्क्सलेबेनने साइक्सच्या आधीच, १७७७ मध्ये केलेले होते. त्यामुळे एल्फिन्स्टनचे नाव जातीवरून उपजातीवर उतरले. रंगछटांवरून या खारीचे भौगोलिक प्रकार कसे पाडावेत यावर वाद चालत राहिला. हुमायून अब्दुलअली आणि जे. सी. डॅनियल यांनी १९५२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या प्रकारांची फेरतपासणी केली. आज काही अभ्यासक ‘एल्फिन्स्टोनी’ ही उपजात वेगळी मानतात, काही मानत नाहीत. गव्हर्नरसाहेबांचे नाव असे अधांतरी लोंबकळत आहे. उलट, ज्याची नोंद केवळ पुरवणी म्हणून झाली तो ‘शेकरू’ हा शब्द आज राज्यप्राण्याचे अधिकृत नाव आहे. शाळेतल्या मुलांना तोच पाठ असतो.

आता प्रत्यक्ष प्राण्याकडे वळू. शेकरूचे वजन साधारण दीड-दोन किलो. शेपूट अंगाइतकी किंवा अंगाहून लांब. भीमाशंकरच्या शेकरूची पाठ तांबूस तपकिरी, पोट मलईसारखे फिकट, शेपटीचे टोक पांढुरके. हा प्राणी दिवसा हिंडतो, फळे, बिया, फुले, पाने, साल खातो आणि जमिनीवर क्वचितच उतरतो. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर सहा-सहा मीटरची झेप घेतो. काटक्या-पानांची गोल घरटी उंच झाडांच्या टोकाकडच्या फांद्यांत बांधतो. एकाच शेकरूची अशी अनेक घरटी असतात, आणि वनखाते गणना करते तीही मुख्यतः घरट्यांवरून. धोका वाटला की पळून जाण्याऐवजी तो फांदीला अंग चिकटवून निश्चल पडून राहतो. त्यामुळे पाहणाऱ्याच्या डोक्यावर शेकरू असते आणि पाहणाऱ्याला ते नसते.

आमच्याही बाबतीत तसेच झाले. सकाळच्या धुक्यात तासभर माना वर करून आम्ही चाललो. बरोबर आलेले वयस्क गृहस्थ तिथल्याच पाड्यावरचे. ते शेवटी म्हणाले, “गुरुजी, वर नका बघू. आधी ऐका.” थोड्या वेळाने त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. “हे झाड त्या झाडाला लागलंय का ते बघा. लागलं नसंल तर शेकरू तिथं न्हाई.” आम्ही इतका वेळ प्राणी शोधत होतो, ते झाडांमधली जागा पाहत होते. जांभूळ, अंजनी, आंबा, हिरडा यांच्या माथ्यांची छपरे जिथे एकमेकांत मिसळली होती तिथे, खडखडाटासारखा तो आवाज आधी आला आणि मग फांदीवरून लोंबणारी झुबकेदार शेपूट दिसली. सारे दर्शन मिनिटभराचे.

त्या गृहस्थांच्या वाक्यात जे होते तेच संशोधकांनी वेगळ्या भाषेत मांडले आहे. रिनी बॉर्जेस यांनी १९८० च्या दशकात शेकरूच्या आहारावर केलेल्या अभ्यासाचे एक क्षेत्र भीमाशंकर होते. अनेक जातींची झाडे वेगवेगळ्या ऋतूंत फळतात, फुलतात, पालवतात. शेकरूला वर्षभर जगायला हा सारा क्रम हवा आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जायला वरची वाट अखंड हवी.

इथे दूरदेशीचा एक दाखला घेतला तर मुद्दा स्पष्ट होईल. ऑस्ट्रेलियातील कोआलाही झाडावर राहणारा, झाडाचाच पाला खाऊन जगणारा प्राणी. त्याचे नावही स्थानिकांकडूनच आले, सिडनी परिसरातील धारुग भाषेतून. बाहेरून आलेल्यांनी मात्र त्याला अस्वल ठरवले, जे तो नाही. १९२७ मध्ये क्वीन्सलंड राज्याने कातड्यासाठी त्याची शिकार खुली केली आणि अवघ्या महिन्याभरात लाखो कोआला मारले गेले. त्याच साली ब्रिस्बेनजवळ लोन पाइन हे कोआलांचे अभयारण्य सुरू झाले. तिथे प्रेक्षक आजही जवळून कोआला पाहतात. दोन झाडांत अंतर असले तर कोआला जमिनीवरून चालत जातो. म्हणून विरळ झाडीतही तो काही काळ तग धरतो, जरी रस्त्यावर मोटारीखाली आणि कुत्र्यांच्या तोंडी सापडतो. शेकरूला तेवढीही सवलत नाही. त्याच्यासाठी रान म्हणजे लागून असलेली झाडे. म्हणूनच आपल्याकडे शेकरू टिकले असेल तर त्याचा अर्थ असा होतो की घाटमाथ्यावर काही ठिकाणी झाडे शतकानुशतके एकमेकांना लागून राहिली. हे कसे घडले?

उत्तराचा एक भाग देवराया. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा जो अभ्यास केला त्याने हा विषय विद्वानांच्या चर्चेत आणला. देवाच्या नावाने राखलेल्या रानात कुऱ्हाड लावायची नाही, काही ठिकाणी वाळलेली काटकीही उचलायची नाही, असा दंडक. आंबेगाव तालुक्यात घोड नदीच्या उगमाजवळ आहुपे येथे अशी मोठी देवराई आहे. या दंडकाचा शिलालेख नाही, ताम्रपट नाही, शासननिर्णय नाही. तो पाळला गेला एवढाच त्याचा पुरावा, आणि पुरावा म्हणजे उभी असलेली झाडे.

उत्तराचा दुसरा भाग पोटाशी निगडित आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी कुटुंबांचे एक मोठे रोख उत्पन्न हिरड्याचे. बाळहिरडा गोळा करायचा, वाळवायचा, विकायचा. हिरड्याचे झाड राखण्यात कुटुंबाचा थेट स्वार्थ असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातील हिरड्याची झाडे पाडली तेव्हा भरपाईसाठी लोकांना लढावे लागले, त्यावरून हे झाड इथल्या संसारात काय आहे ते कळते.

मात्र हे चित्र फार सोज्वळ करण्यातही धोका आहे. डोंगरउतारावरच्या भात-नाचणीच्या शेतीत राब भाजण्याची रीत होती. त्यासाठी झाडांची टाहळ तोडली जाई. देवराईबाहेरची झाडे पुष्कळदा अशी खुंटलेली असत. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगले ठरली आणि याच राबावरून सरकार व रयत यांच्यात एवढा तंटा माजला की ठाणे-कुलाबा भागातील तक्रारींसाठी १८८५ मध्ये मुंबई सरकारला वनआयोग नेमावा लागला. सरकारी दृष्टीत टाहळ तोडणारा कोळी-ठाकर हा जंगलाचा शत्रू ठरला. त्याच लोकांनी त्याच डोंगरावर देवराया राखल्या होत्या, ही गोष्ट त्या दृष्टीला दिसली नाही. एकच हात एका झाडाला तोडतो आणि दुसऱ्याला शिवतही नाही. यात विसंगती नाही. कोणते झाड कशासाठी याचा तो हिशेब आहे. तो तोंडी होता, म्हणून दप्तरात आला नाही.

१९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव व खेड, आणि खाली कोकणच्या बाजूचा ठाणे-रायगडचा काही भाग. शेकरूचे संरक्षण हा त्यामागचा एक प्रमुख हेतू. या घोषणेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. कारण आसपासचा प्रदेश त्याच काळात झपाट्याने बदलत होता. कुकडी प्रकल्पाची धरणे उभी राहिली. घोड नदीवरच्या डिंभे धरणात खुद्द आंबेगाव हे गाव बुडाले, तालुक्याला नाव देऊन. धरणाच्या पाण्यावर पूर्वेकडे ऊस आला आणि उसात बिबट्या आला. २००० नंतर जुन्नरचे नाव वर्तमानपत्रांत गाजू लागले ते लेण्यांमुळे किंवा शिवजन्मभूमी म्हणून कमी, बिबट्यांमुळे अधिक. बिबट्याने उसाला रान मानून घेतले. शेकरूला असे काही मानून घेता येत नाही. पाण्याने आणि पिकाने या खोऱ्याचा जो कायापालट झाला त्यात एका प्राण्याची सोय झाली, दुसऱ्याला घाटमाथ्याच्या उरलेल्या तुकड्यावर थांबावे लागले. पश्चिम घाट तज्ज्ञ समितीच्या २०११ च्या अहवालात भीमाशंकरलगतच्या डोंगरांवर पवनचक्क्यांसाठी झालेल्या जंगलतोडीची दखल घेतलेली आहे. शेकरूच्या भाषेत बोलायचे तर रस्त्याची रुंदी हीच त्या झाडीची हद्द.

तरीही १९८५ च्या घोषणेत एक गाळलेली जागा आहे आणि ती साइक्सच्या यादीतल्या गाळलेल्या जागेसारखीच आहे. अभयारण्याने प्राण्याचे नाव घेतले, क्षेत्र मोजले, सीमा आखल्या. पण ज्यांच्या दंडकामुळे राखण्याजोगे काही शिल्लक होते ते लोक त्या नोंदीत ‘हक्क असलेले किंवा नसलेले रहिवासी’ एवढ्यापुरतेच आले. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्या प्रास्ताविकातच आदिवासींवर झालेल्या ऐतिहासिक अन्यायाची कबुली दिली. कायद्याने ‘ऐतिहासिक’ हा शब्द वापरला, पण तो इतिहास लिहिण्याचे काम कायद्याचे नाही. ते आपले आहे.

साहित्याच्या अभ्यासकांना हा विषय परका वाटू नये. संहिता, नोंद, नाव आणि मौन यांचाच हा प्रश्न आहे. दोन हजार वर्षांच्या आसपासचा काळ डोळ्यांसमोर आणला तर तीन लिखित नोंदी दिसतात: मानमोडीच्या कातळातला करंज आणि वड, १८३१ च्या यादीतले शेकरू, १९८५ ची अभयारण्याची घोषणा. तिन्हींचे कर्ते आपल्याला माहीत आहेत: एक दाता, एक अधिकारी, एक शासन. या तिन्हींच्या मधल्या काळात झाडे लागून ठेवण्याचे काम ज्यांनी केले त्यांची नोंद अक्षरांत नाही. ती वाचायची तर वेगळी साक्षरता लागेल. ती त्या सकाळी आमच्या सोबत्याकडे होती आणि आमच्याकडे नव्हती.

परतताना पुन्हा लेण्याद्रीवर गेलो. चैत्यगृहासमोर उभे राहून सुलसदत्ताचे नाव पुन्हा एकदा वाचले. खाली पायऱ्यांवर माकडांची नेहमीची धांदल चालली होती. ज्यांनी आम्हाला शेकरू दाखवले त्यांना निघताना मी विचारले होते, “बाबा, हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?” ते हसले आणि म्हणाले, “शिकवायचं काय त्यात? झाडं हायेत तिथं.” साइक्सने हे वाक्य लिहून घेतले असते की नाही, कोण जाणे. मी लिहून घेतले आहे.